लेखन-मार्गदर्शक, विद्यापीठीय

विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्याला त्याच्या लेखनकार्यात व्यक्तिशः साहाय्य करणारी, परंतु त्या लेखनाचे मूल्यमापन न करणारी व्यक्ती. वर्गात शिकविणारा प्राध्यापक, प्रबंधाचा मार्गदर्शक, मुद्रितशोधक आणि खाजगी शिकवणी घेणारा शिक्षक या चौघांशीही तिचे काम अंशतः जुळते. तथापि त्यांपैकी कोणाशीही ते एकरूप नाही. प्राध्यापक विषय शिकवितो व गुण देतो. लेखन-मार्गदर्शक विषय शिकवीत नाही आणि गुण देण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नसतो. मुद्रितशोधक चुका दुरुस्त करून मजकूर परत करतो. लेखन-मार्गदर्शकाने तसे करू नये, असा या व्यवसायाचा जवळजवळ पहिलाच संकेत आहे. खाजगी शिकवणीचे मोल विद्यार्थी भरतो. लेखन-मार्गदर्शकाचे वेतन विद्यापीठ देते आणि त्याची सेवा सर्व विद्यार्थ्यांना सामान्यतः विनामूल्य मिळते. हे मार्गदर्शक ज्या कक्षात बसतात, त्यास ‘लेखन-केंद्र’ किंवा जुन्या प्रघातानुसार ‘लेखन-प्रयोगशाळा’ म्हणतात. ही संस्था मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढली व तेथून इतर देशांत गेली.

मार्गदर्शकांचे दोन प्रमुख वर्ग आढळतात. पहिला वर्ग पदवीपूर्व विद्यार्थ्यांचा. एकोणीस-वीस वर्षांचा हा मार्गदर्शक समोर बसलेल्या विद्यार्थ्याहून वयाने व शिक्षणाने फारसा पुढे नसतो. त्यास ‘सहाध्यायी मार्गदर्शक’ असे म्हणता येईल. दुसरा वर्ग पदव्युत्तर संशोधक व वेतनावर नेमलेले व्यावसायिक शिक्षक यांचा. पहिल्या वर्गातील बहुतेकांना तासावर मेहनताना मिळतो. अमेरिकेत १९६४ च्या आर्थिक संधिविषयक कायद्यान्वये सुरू झालेल्या ‘शिका व कमवा’ स्वरूपाच्या केंद्रीय योजनेतून या मेहनतान्याचा काही भाग अनेक ठिकाणी भागविला जातो. मध्यम उत्पन्नाच्या घरांतील हुशार मुलेमुली या कामाकडे वळतात, त्याचे हे एक साधे पण महत्त्वाचे कारण होय. ग्रंथालयाच्या फडताळांत पुस्तके लावण्यापेक्षा किंवा भोजनगृहात ताटे वाढण्यापेक्षा हे काम अधिक रुचकर वाटते, हे उघड आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन महाविद्यालयांतील शिक्षण बरेचसे मौखिक होते. पाठांतर, वक्तृत्व व वादविवाद यांवर भर असे. शतकाच्या उत्तरार्धात जर्मन विद्यापीठांचे अनुकरण सुरू झाले, विषयांची संख्या वाढली आणि लेखी परीक्षा व निबंध यांना महत्त्व आले. हार्व्हर्ड येथे १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आवश्यक ठरविण्यात आला. चांगल्या शाळांत शिकलेली, सधन घरांतील मुलेही त्यात मोठ्या संख्येने अनुत्तीर्ण झाली. ॲडम्स शर्मन हिल (१८३३–१९१०) या वक्तृत्वशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने तेथे प्रथम वर्षाचा अनिवार्य निबंधलेखन-अभ्यासक्रम रुजला व पुढे तो देशभर पसरला. विद्यार्थ्यांच्या लेखनाच्या अधोगतीविषयीची तक्रार त्यानंतर दर पिढीत नव्याने ऐकू आली आहे. दर वेळी ती करणाऱ्यांना आपल्या विद्यार्थिदशेतील पिढी अधिक शुद्ध लिहीत असे, असे वाटत आले. पण त्या पिढीविषयीही तिच्या शिक्षकांनी हेच लिहून ठेवले आहे.

निबंधाचा अभ्यासक्रम अनिवार्य झाला, तेव्हा शेकडो निबंध तपासणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. शिक्षक लाल शाईने खुणा करी, विद्यार्थी गुण पाहून कागद बाजूला ठेवी आणि पुढच्या निबंधात त्याच चुका पुन्हा होत. या निष्फळ श्रमांना पर्याय म्हणून ‘प्रयोगशाळा-पद्धती’ पुढे आली. ॲम्हर्स्ट महाविद्यालयातील जॉन फ्रँक्लिन जेनंग (१८५०–१९१९) यांसारख्या शिक्षकांनी १८९० नंतरच्या दशकात तिचा पुरस्कार केला. रसायनशास्त्राचा विद्यार्थी जसा प्रयोग स्वतः करतो व शिक्षक त्याच्या मेजाजवळ जाऊन चूक जागच्या जागी दाखवितो, तसेच लेखनाचेही व्हावे, अशी ही कल्पना होती. म्हणजे प्रारंभी लेखन-प्रयोगशाळा हे एखाद्या जागेचे नाव नव्हते. ते वर्ग चालविण्याच्या एका रीतीचे नाव होते. स्वतंत्र जागा नंतर आल्या. मिनेसोटा विद्यापीठाने रूढ पदवी-अभ्यासक्रमास अपुरी तयारी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९३२ मध्ये ‘जनरल कॉलेज’ काढले व तेथे लेखन-प्रयोगशाळा चालविली. आयोवा विद्यापीठात कॅरी स्टॅन्ली या शिक्षिकेने १९३४ च्या सुमारास अशीच प्रयोगशाळा सुरू केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या कायद्याचा लाभ घेऊन परतलेले सैनिक लक्षावधींच्या संख्येने महाविद्यालयांत आले. या काळात ‘लेखन-चिकित्सालय’ हा शब्द प्रचारात होता. विद्यार्थ्याच्या लेखनातील दोषांचे निदान करावे व त्यावर स्वाध्यायांची मात्रा द्यावी, अशी त्यामागील दृष्टी होती. रॉबर्ट मूर यांनी १९५० मध्ये एका लेखात चिकित्सालय व प्रयोगशाळा यांतील फरक सांगितला आहे. वैद्यकातून उसना घेतलेला हा शब्द नंतर मागे पडला, परंतु त्याने निर्माण केलेली समजूत सहजी गेली नाही : लेखन-केंद्रात जातो तो आजारी. विद्यार्थी तेथे जाण्यास संकोचत, प्राध्यापक नापास मुलांना शिक्षा म्हणून तेथे पाठवीत आणि केंद्राची खोलीही बहुधा तळघरात किंवा दुसऱ्या कोणास नको असलेल्या जागी असे.

न्यूयॉर्कमधील मुक्त प्रवेश : लेखन-मार्गदर्शकाच्या व्यवसायाला आजचे रूप मिळाले ते १९७० नंतर आणि त्यात न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. या विद्यापीठातील सर्वांत जुने सिटी कॉलेज १८४७ मध्ये ‘फ्री अकॅडमी’ या नावाने स्थापन झाले होते. स्थलांतरितांच्या व कामगारांच्या मुलांना तेथे शुल्काविना उच्च शिक्षण मिळे. मात्र प्रवेशाची गुणमर्यादा इतकी वर गेली होती की, ज्या हार्लेम वस्तीच्या कुशीत हे महाविद्यालय उभे होते, तेथील कृष्णवर्णीय व प्वेर्तो रीकन मुले त्यात अभावानेच दिसत. एप्रिल १९६९ मध्ये या समाजांतील विद्यार्थ्यांनी आवाराचा ताबा घेतला. परिणामी पुढे केव्हातरी अंमलात आणावयाचे मुक्त प्रवेशाचे धोरण १९७० च्या शरद ऋतूपासूनच लागू करण्यात आले. शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकास विद्यापीठाच्या कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयात जागा मिळू लागली. प्रथम वर्षाची प्रवेशसंख्या एका वर्षात सुमारे २०,००० वरून सुमारे ३५,००० वर गेली.

या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी शाळेत सलग दोन पृष्ठे कधी लिहिली नव्हती. त्यांचे पहिले निबंध पाहून काही प्राध्यापक हताश झाले, काहींनी ही मुले शिकण्यास अपात्र असल्याचा निर्वाळा दिला. सिटी कॉलेजमधील मीना शॉनेसी (१९२४–७८) यांनी मात्र हे निबंध गोळा करून वाचावयास घेतले. प्रवेशाच्या वेळी लिहिलेल्या सुमारे ४,००० निबंधांच्या अभ्यासावर आधारलेला त्यांचा एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स हा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. चुका या निष्काळजीपणाच्या किंवा मंदबुद्धीच्या खुणा नसून त्यांमागे तर्क असतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. इंग्रजीत तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यापुढे वर्तमानकाळी क्रियापदास ‘एस’ हा प्रत्यय लागतो. अनेक कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या घरगुती बोलीत तो लागत नाही. त्या बोलीत वाढलेला विद्यार्थी लिहिताना तो प्रत्यय गाळतो, हे स्वाभाविक आहे. पण शाळेत त्याबद्दल वारंवार बोलणी खाल्लेला विद्यार्थी नको तेथेही तो प्रत्यय लावतो. दोन्ही कागदांवर लाल खूण सारखीच होते, कारणे मात्र उलट असतात. दुसरा विद्यार्थी नियम शिकू पाहत आहे, ही गोष्ट त्या खुणेतून दिसत नाही. चुकीच्या भयाने विद्यार्थी वर्णलेखनाची खात्री असलेले मोजकेच शब्द वापरतो, वाक्य मध्येच सोडून देतो आणि विचार मनात असूनही कागदावर तो खुरटा उतरतो, हेही शॉनेसी यांनी दाखविले.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघत होता. चुकीमागील कारण कागदावरून कळत नसेल, तर ते विद्यार्थ्यालाच विचारले पाहिजे आणि पस्तीस मुलांच्या वर्गात हे शक्य नाही. शेजारी बसून, वाक्यावर बोट ठेवून, ‘हे असे का लिहिलेस?’ असे रागाविना विचारणारे माणूस हवे. लेखन-मार्गदर्शकाची गरज येथे निराळ्याच प्रकारे सिद्ध झाली.

त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन महाविद्यालयात केनेथ ब्रफी यांस दुसरा अनुभव आला. मदतीसाठी नेमलेल्या शिक्षकांकडे विद्यार्थी फिरकत नसत, कारण ती मदत वर्गाचेच लांबविलेले शेपूट वाटे. तेव्हा ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शक म्हणून तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यांच्या विचारावर ॲबरक्रॉम्बी या ब्रिटिश विदुषीच्या कार्याचा प्रभाव होता. लंडनमधील वैद्यकाचे विद्यार्थी एकेकटे शिकण्याऐवजी गटाने चर्चा करून रोगनिदान करू लागले की, निदानशक्ती लवकर विकसित होते, असे ॲबरक्रॉम्बी यांनी १९६० मधील ग्रंथात मांडले होते. ब्रफी यांनी त्याचा विस्तार केला : विचार म्हणजे मनात उतरलेले संभाषण आणि लेखन म्हणजे ते पुन्हा बाहेर आणणे, तेव्हा ज्याला लिहावयास शिकावयाचे, त्याला लेखनाविषयी बोलावयाची संधी हवी. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९८४ मधील आहे.

मुक्त प्रवेशाचे पुढे काय झाले, हेही नमूद केले पाहिजे. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहर आर्थिक अरिष्टात सापडले. १९७६ मध्ये विद्यापीठाने शुल्क लागू केले आणि जवळपास १३० वर्षांची विनाशुल्क शिक्षणाची परंपरा संपली. शिक्षक कमी करण्यात आले. दोन दशकांनंतर, १९९८-९९ मध्ये, चार वर्षांच्या पदवी-महाविद्यालयांतून पूर्वतयारीचे अभ्यासक्रम काढून टाकण्याचा निर्णय झाला. ज्यांच्यासाठी ही नवी रीत शोधली गेली, त्यांना ती सर्वांत कमी काळ लाभली आणि संपन्न खाजगी विद्यापीठांनी ती उचलून कायम केली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कार्यपद्धती : मार्गदर्शनाची एक बैठक सामान्यतः अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत चालते. विद्यार्थी आधी वेळ ठरवून, निबंधाचा मसुदा व प्राध्यापकाने दिलेला प्रश्न बरोबर घेऊन येतो. मार्गदर्शक मेजाच्या पलीकडे न बसता त्याच्या शेजारी किंवा कोपऱ्यालगत बसतो, कागद विद्यार्थ्यासमोर राहतो आणि लेखणी त्याच्याच हाती असते. आसनव्यवस्थेचा हा तपशील क्षुल्लक वाटला, तरी प्रशिक्षणात त्यावर आग्रहाने भर दिला जातो. लेखणी मार्गदर्शकाच्या हाती गेली की, दोन-तीन मिनिटांत विद्यार्थी श्रोता होतो आणि निबंध दुसऱ्याचा होऊ लागतो.

आरंभी मार्गदर्शक विचारतो, की हा निबंध कशासाठी लिहावयाचा आहे, केव्हा द्यावयाचा आहे व आज कशावर बोलावयाचे. ‘व्याकरण तेवढे पाहा’ हे सर्वांत नेहमीचे उत्तर असते आणि बहुधा ते खरे नसते. आपल्या लेखनात काय बिघडले आहे हे सांगण्यास दुसरा शब्द माहीत नसल्याने विद्यार्थी तोच वापरतो. मग मसुदा मोठ्याने वाचला जातो, शक्यतो विद्यार्थ्याकडूनच. वाचताना तो अडखळतो ती जागा पुष्कळदा सदोष वाक्याची असते आणि ते त्याचे त्यालाच जाणवते. कागदावर गळलेला शब्द तो वाचताना नकळत भरूनही काढतो. ही गोष्ट फक्त शेजारी बसून ऐकणाऱ्याच्याच ध्यानात येऊ शकते.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा मानला जातो. प्रश्नाला उत्तर दिले आहे काय, प्रतिपाद्य मुद्दा कोणता, तो पुराव्याने सिद्ध झाला आहे काय, परिच्छेदांचा क्रम कसा आहे, या मोठ्या बाबी प्रथम. वाक्यरचना, विरामचिन्हे व वर्णलेखन नंतर. जो परिच्छेदच पुढे गाळावा लागणार आहे, त्यातील स्वल्पविराम सुधारण्यात अर्धा तास घालविणे व्यर्थ होय. नवख्या मार्गदर्शकास हे पाळणे कठीण जाते, कारण स्वल्पविरामाची चूक चटकन दिसते व ती दाखविल्याने काही काम झाल्याचे समाधान दोघांनाही मिळते. नेहमी आढळणारी एक स्थिती अशी : इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आठ पृष्ठांचा निबंध पहिल्या सात पृष्ठांत ग्रंथांतील माहितीचा सारांश देतो आणि त्याचे स्वतःचे म्हणणे शेवटच्या पृष्ठावर प्रथमच उमटते, कारण लिहितालिहिताच ते त्याला सापडलेले असते. मार्गदर्शक त्या वाक्यावर थांबतो आणि हे वाक्य पहिल्या पृष्ठावर असते तर काय झाले असते, एवढेच विचारतो. बैठकीचा उरलेला वेळ मग निबंध नव्याने मांडण्यात जातो आणि व्याकरण तसेच राहते. विद्यार्थी त्यावर नेहमी खूश होतोच असे नाही, विशेषतः निबंध दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावयाचा असेल तर.

बैठकीनंतर मार्गदर्शक काय बोलणे झाले याची थोडक्यात नोंद करतो. ही नोंद प्राध्यापकाकडे पाठवावी की नाही, यावर केंद्राकेंद्रांत मतभेद आहेत. प्राध्यापकाला ती हवी असते. पण आपले अर्धेकच्चे लेखन वरपर्यंत कळते असे वाटल्यास विद्यार्थी मोकळेपणाने बोलत नाही. विद्यार्थ्याची संमती घेऊन नोंद पाठविण्याचा मध्यममार्ग अनेक केंद्रांनी पत्करला आहे.

सहाध्यायी मार्गदर्शकांना बहुधा एका सत्राचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात लेखनप्रक्रियेविषयीचे वाचन, अनुभवी मार्गदर्शकांच्या बैठकींचे निरीक्षण, सरावाच्या बैठकी आणि स्वतःचे लेखन दुसऱ्यास दाखविण्याचा अनुभव यांचा समावेश होतो. हा शेवटचा अनुभव बोधप्रद ठरतो. निवडले गेलेले विद्यार्थी शाळेपासून लेखनात वाहवा मिळालेले असल्याने, मसुद्यावरील प्रश्नांनी माणूस किती चटकन बचावाच्या पवित्र्यात जातो, हे त्यांना येथे प्रथमच कळते. ब्राउन विद्यापीठाने १९८२ मध्ये सुरू केलेल्या योजनेत मार्गदर्शक केंद्रात न बसता एखाद्या अभ्यासक्रमास जोडले जातात आणि त्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचा मसुदा वाचतात. उत्तम व सामान्य अशा सर्वांनाच ही पायरी असल्याने, मदत घेण्यातील कमीपणा तेथे आपोआप गळून पडतो.

व्यवसायाची संघटना : पर्ड्यू विद्यापीठातील लेखन-प्रयोगशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. तिच्या संचालिका म्यूरिएल हॅरिस यांनी १९७७ मध्ये, विखुरलेल्या केंद्रांना परस्परांशी बोलता यावे म्हणून, एक साधे वार्तापत्र काढले. पुढे त्याचे विद्वज्जनांच्या नियतकालिकात रूपांतर झाले. द रायटिंग सेंटर जर्नल १९८० मध्ये निघाले आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिनेच पुढे आंतरराष्ट्रीय नाव धारण केले. पर्ड्यूची लेखनविषयक मार्गदर्शक पत्रके १९९४ पासून संगणक-जालावर उपलब्ध झाली आणि संदर्भसूची कशी द्यावी यासारख्या प्रश्नांसाठी जगभरातील विद्यार्थी त्यांचा उपयोग करू लागले. ज्यांनी लेखन-केंद्र हा शब्द कधी ऐकला नाही, असे पुष्कळ भारतीय संशोधकही या पत्रकांशी परिचित आहेत.

वादग्रस्त प्रश्न : स्टीव्हन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये लिहिलेला लेख या क्षेत्रात प्रमाणभूत मानला जातो. केंद्र हे मोडक्या निबंधांच्या दुरुस्तीचे दुकान नव्हे. सुधारावयाचा तो लिहिणारा माणूस, हातातील निबंध नव्हे, हे त्याचे सार. लेखाचा रोख मुख्यतः स्वतःच्याच इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांवर होता. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, नॉर्थ यांनी आपल्या त्या मांडणीतील स्वप्नाळूपणा स्वतःच दाखवून दिला. मूळ लेख जितका उद्‌धृत होतो, तितका हा दुसरा मात्र होत नाही.

नॉर्थ यांच्या तत्त्वातून पुढे ‘किमान साहाय्या’चा दंडक निघाला : मार्गदर्शकाने शक्य तितके कमी करावे, उत्तरे देऊ नयेत, प्रश्न विचारावेत. या दंडकामागे शैक्षणिक विचाराबरोबर भीतीही होती. परक्याच्या हातचे वाक्य निबंधात आले, तर ते वाङ्‌मयचौर्य ठरेल आणि केंद्र बदनाम होईल, ही ती भीती होय. या मतास १९९० नंतरच्या दशकात विरोध झाला. लिंडा शमून व डेबोरा बर्न्स यांनी १९९५ मध्ये संगीतशिक्षणाचा दाखला देऊन असा आक्षेप घेतला, की थोर वादक शिष्याला केवळ प्रश्न विचारीत नाही. तो वाजवून दाखवितो आणि शिष्य तसे वाजवितो. हिंदुस्थानी संगीतातील तालमीची ज्यांना ओळख आहे, त्यांना हा आक्षेप पटण्यास वेळ लागणार नाही. गुरूने गळ्यातून काढून दाखविलेली जागा शिष्याने उचलणे यास तेथे कोणी चौर्य म्हणत नाही.

हा दंडक सर्वांत अपुरा पडला तो परभाषक विद्यार्थ्यांच्या बाबतीत. ‘वाचून पाहा, कानाला कसे वाटते?’ हा प्रश्न इंग्रजी मातृभाषा असलेल्यास उपयोगी पडतो. परभाषकाचा कान त्या भाषेत घडलेलाच नसतो. उदा., मराठीत इंग्रजीतील ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांसारखा शब्दवर्ग नाही. अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या मराठी विद्यार्थ्याने ‘द’ गाळलेले वाक्य दहा वेळा मोठ्याने वाचले, तरी त्यात काही उणे असल्याचे त्याला जाणवणार नाही. त्याला स्पष्टपणे सांगावेच लागते आणि ते सांगण्यापुरते व्याकरण मार्गदर्शकास यावे लागते. इंग्रजी ही ज्याची जन्मभाषा, त्याला ते बहुधा येत नाही. कोठे काय हवे हे तो जाणतो, का हवे हे सांगू शकत नाही. उलट अशा विद्यार्थ्याच्या विषयाचे ज्ञान मार्गदर्शकाहून कितीतरी अधिक असते, त्यामुळे त्या मेजावर अज्ञान व अधिकार यांची वाटणी नेहमीसारखी राहत नाही.

याहून खोल प्रश्न भाषेच्या प्रामाण्याचा आहे. महाविद्यालयीन निबंधलेखनाच्या अमेरिकन शिक्षकांच्या परिषदेने १९७४ मध्ये, विद्यार्थ्यांना आपापल्या बोलीवर हक्क आहे, असा ठराव संमत केला. मार्गदर्शकाने मग काय करावे? बोलीतील रूप प्रमाण रूपाने बदलण्यास साहाय्य केले, तर घरची भाषा हीन असल्याचा संदेश जातो. न केले, तर गुण देणारा प्राध्यापक ते कापल्यावाचून राहत नाही. नॅन्सी ग्रिम यांनी १९९९ मध्ये असा आरोप केला, की सद्‌हेतूने चालणारी केंद्रेही परक्या समाजांतून आलेल्यांना मुकाट्याने मुख्य प्रवाहाच्या साच्यात बसवितात. जॉन ट्रिम्बर यांनी १९८७ मध्येच सहाध्यायी मार्गदर्शक या संज्ञेतील विसंगतीवर बोट ठेवले होते : सहाध्यायी म्हणून त्याची निष्ठा मित्रांशी, मार्गदर्शक म्हणून संस्थेशी. अन्यायकारक वाटणारा गुण मिळालेला विद्यार्थी समोर बसून ‘यात काय वाईट आहे?’ असे विचारतो, तेव्हा हा ताण प्रत्यक्षात येतो. गुणांविषयी मत देऊ नये, असा नियम सर्वत्र आहे. तो पाळताना चेहरा कसा ठेवावा, हे नियमात सांगता येत नाही.

इतर देश : ब्रिटनमध्ये रॉयल लिटररी फंड (स्थापना १७९०) या लेखक-साहाय्यक संस्थेने १९९९ पासून व्यावसायिक साहित्यिकांना विद्यापीठांत अधिछात्र म्हणून बसविण्यास प्रारंभ केला. ए. ए. मिल्न यांच्या बालसाहित्याच्या स्वामित्वधनाचा एक हिस्सा या संस्थेस लाभला होता. ‘विनी द पू’ या अस्वलाच्या मिळकतीवर विद्यापीठातील निबंध सुधारले जावेत, हा योग मौजेचा आहे. जर्मनीत बीलेफेल्ट विद्यापीठाने १९९३ मध्ये लेखन-प्रयोगशाळा काढून प्रारंभ केला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या अखेरीनंतर केप टाउनसह अनेक विद्यापीठांत केंद्रे निघाली. तेथील बहुसंख्य विद्यार्थ्यांची मातृभाषा इंग्रजी नसल्याने न्यूयॉर्कमधील १९७० चे प्रश्न तेथे अधिक तीव्रतेने उभे राहिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे संभाषणक्षम संगणक-साधन खुले झाल्यापासून या व्यवसायापुढे नवी अडचण उभी आहे. व्याकरणशुद्ध मसुदा आता क्षणात तयार मिळतो. जो विद्यार्थी मार्गदर्शकाकडे केवळ शुद्धीकरणासाठी येई, त्याला आता येण्याचे कारण उरलेले नाही. येतो त्याच्या हातातील मसुदा निर्दोष पण निराकार असू शकतो आणि ‘हे असे का लिहिलेस?’ या शॉनेसी यांच्या परंपरेतील प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते, कारण ते त्याने लिहिलेले नसते. अशा वेळी मार्गदर्शकाने संशय बोलून दाखवावा काय, याविषयी विद्यापीठांची धोरणे एकसारखी नाहीत. गुण देणारा व शिक्षा करणारा नव्हे, या भूमिकेवरच त्याचे स्थान आधारलेले असल्याने पहारेकऱ्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यास अनेक केंद्रचालकांचा विरोध आहे.

भारतात लेखन-मार्गदर्शक हा वर्ग अगदी अलीकडील असून तो मोजक्या संस्थांपुरता मर्यादित आहे. हरियाणातील सोनीपत येथील अशोक विद्यापीठात (स्थापना २०१४) लेखन व संप्रेषण केंद्र आहे. हा वर्ग येथे उशिरा येण्याचे कारण भाषेत नसून परीक्षापद्धतीत आहे. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. संलग्न महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, ही त्यांची घडण. या पद्धतीत विद्यार्थ्याचे महत्त्वाचे लेखन तीन तासांत, परीक्षागृहात होते आणि उत्तरपत्रिका सामान्यतः त्याच्याकडे परत येत नाही. जेथे मसुदाच नाही, तेथे मसुद्याशेजारी बसणाऱ्याला जागा कोठून असणार? पीएच्. डी. च्या प्रबंधाला मसुदा असतो. पण तेथेही भाषेचे काम प्रबंध पूर्ण झाल्यावर मुद्रितशोधकाकडे जाते.

मराठीपुरते बोलावयाचे, तर लेखनशिक्षणाची चर्चा दीर्घकाळ शुद्धलेखनाभोवतीच फिरली आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले व १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. ऱ्हस्व-दीर्घ व अनुस्वार यांचा निर्णय या नियमांनी होतो. परिच्छेद कोठे तोडावा, आपला मुद्दा पुराव्याने कसा उभा करावा, दुसऱ्याचे मत आपल्या वाक्यात कसे आणावे, हे शिकविणारी स्वतंत्र व्यवस्था मराठी माध्यमाच्या पदवी-अभ्यासक्रमांत सहसा आढळत नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींतून प्रमाण मराठीकडे येणाऱ्या विद्यार्थ्याच्या चुकांमागेही निश्चित नियमितता असते. न्यूयॉर्कमध्ये ४,००० निबंधांचा जसा अभ्यास झाला, तसा अभ्यास करण्याजोगी सामग्री दरवर्षी उत्तरपत्रिकांच्या रूपाने तयार होते आणि मुदत संपताच रद्दीत जाते.